शिडाच्या होडीसाठी पारदर्शक फळ्या: शीट कोणती, फट किती?

नमस्कार मंडळी. आपलं वर्कशॉप भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. इथं नदीत डोंगे चालतात, पण आज टेबलावर जे काम आहे ते मुंबईच्या समुद्रातल्या शिडाच्या होडीचं. या होडीला केबिन असते. डेकवरून केबिनमध्ये उतरायच्या वाटेला बिजागरीचं दार नसतं; दोन्ही बाजूंच्या खोबणीत वरून एकेक फळी सरकवतात. यांना वॉशबोर्ड म्हणतात. प्लायवूडच्या फळ्या लावल्या की आत अंधार होतो, आणि सुकाणूवरचा माणूस आतल्यांना दिसत नाही. म्हणून पारदर्शक शीट.

पण राजेहो, आरपार दिसलं तरी हिचं पहिलं काम पाणी अडवणं आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत (इंग्लंड-आयर्लंडजवळच्या समुद्रातली शिडाच्या होड्यांची शर्यत) वादळात १५ स्पर्धक खलाशी मरण पावले. होड्या आडव्या झाल्या तेव्हा काहींच्या या फळ्या खोबणीतून निसटल्या आणि त्याच वाटेनं पाणी आत शिरलं, हे चौकशीत पुढे आलं. त्यामुळे प्रत्येक फळीला होडीशी बांधून ठेवणारी दोरी हवीच, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडेल अशी कडीही हवी.

आता शीट. साइनबोर्डवाल्याकडे मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक. उन्हात ती वर्षानुवर्षं स्वच्छ राहते, चरेही कमी पडतात, पण जोरात मार बसला की तडकते. पॉलिकार्बोनेट मार झेलतं, मात्र त्यावर चरे लवकर पडतात आणि साधी शीट उन्हानं पिवळी पडते. खोल समुद्रात जाणाऱ्या होडीला मी पॉलिकार्बोनेटच देतो, १० ते १२ मिलिमीटर जाडीचं, यूव्ही थर (उन्हापासून वाचवणारा थर) असलेलं. थर एकाच बाजूला असेल तर ती बाजू बाहेर. शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर ते लिहिलेलं असतं. फिल्म काढायच्या आधी मार्करनं खूण करून ठेवा.

(फर्मा दाखवत) हा हार्डबोर्डचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, होडीवरूनच कापून आला आहे. बघा, वर रुंद, खाली अरुंद. त्यामुळे फळी थोडी उचलली की मोकळी होते. फर्म्याच्या मापाला शीट तंतोतंत कापू नका. प्लास्टिक उन्हानं लाकडापेक्षा, काचेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी १० अंश, मे महिन्यात ४५. एवढ्या फरकात ६० सेंटिमीटरची फळी जवळजवळ दीड मिलिमीटर वाढते. थंडीत घट्ट बसवलेली फळी उन्हाळ्यात खोबणीत अडकते, आणि आतल्या माणसाला घाईत बाहेर यायचं असेल तेव्हा ती निघत नाही. मी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर सोडतो. खोबण खोल आहे, फळी बाहेर येत नाही.

दोन फळ्यांच्या सांध्यात खरी कारागिरी आहे. कडा सरळ टेकवल्या तर लाटेचं पाणी मधून आत येतं. खालच्या फळीच्या वरच्या कडेला बाहेरच्या अंगाला निम्म्या जाडीची खाच काढा, वरच्या फळीला आतल्या अंगाला. म्हणजे वरच्या फळीचा ओठ बाहेरून खालच्यावर येतो, कौलं रचतात तसा. राउटर एकदम खोल घालू नका, तीन-चार फेऱ्यांत घ्या. शीट वितळून पात्याला चिकटली तर कड खराब होते.

भोक पाडताना लोखंडाचं नवं धारदार ड्रिल खसकन आत ओढलं जातं आणि मागून चीर जाते. ड्रिलची धार ऑइलस्टोनवर किंचित बोथट करा, खाली लाकूड दाबून धरा, वेग कमी ठेवा. भोक कडेपासून जाडीच्या दुप्पट तरी आत. कडीच्या स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठं, खाली रबरी वॉशर, आणि आवळताना हात हलका. भोकात चरा राहिला तर तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून आतून पॉलिश पेपर फिरवा. कडांना आधी २२० नंबर, मग ४००, मग ओला ६००.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल जवळ आणू नका. पॉलिकार्बोनेट त्यानं दुधाळ होतं, बारीक चिरा पडतात. स्क्रूला लावायचं लॉकिंग द्रवही नको, नायलॉनचा नट वापरा. काम झालं की फिल्म लगेच काढा. आपल्या उन्हात शीट बाहेर पडून राहिली तर फिल्म अशी चिकटते की नखानंही निघत नाही.

होडीवाल्याला एवढं सांगून पाठवा: मीठ सुकलं असेल तर कोरडं पुसू नका. आधी गोडं पाणी ओता, मग साबणाचं पाणी, मग मऊ सुती कापड.