म्हादईची निळी रेघ

(दृश्य: सोसोगड, ढग सरकताहेत)

सोसोगड. गोव्यात याहून उंच डोंगर नाही. खाली सत्तरी तालुका, आणि त्या झाडीत कुठेतरी म्हादई. कर्नाटकात भीमगडच्या रानात उगम पावून ती इथे उतरते आणि पणजीला पोचेपर्यंत तिची मांडवी झालेली असते.

(दृश्य: नाणूसचा किल्ला)

१८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेतला. इथल्या रानवाटा राण्यांच्या माणसांना तोंडपाठ होत्या. त्यांना नकाशा कशाला लागतो!

(दृश्य: तिपाई उभी करणारे हात)

सरकारी मोजणीदाराला मात्र लागतो. तो काढायचं साधन हे, प्लेन टेबल. तिपाईवर लाकडी फळा, फळ्यावर कागद, कागदावर नेम धरायची पट्टी, अलिडेड. आधी फळा समपातळीत आणायचा, मग ओळखीच्या शिखरांवरून त्याची दिशा पक्की करायची. आता पट्टीतून समोरचं देऊळ बघा आणि रेघ ओढा. मुक्काम हलवा. पुन्हा तेच देऊळ, पुन्हा रेघ. दोन रेघा छेदतात तिथे देऊळ. तिसरी ओढायची ती खात्रीसाठी, आणि ती त्याच बिंदूतून गेली नाही तर सगळं पहिल्यापासून. नेमाच्या आड येणारी झुडपं खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, कोयत्याने छाटत पुढे जातो.

विमानातून काढलेल्या फोटोंनी हे काम पुष्कळ हलकं केलं. पण सत्तरीच्या रानाचा वरून काढलेला फोटो म्हणजे नुसते शेंडे. खालचा व्हाळ, म्हणजे ओढा, एप्रिलात वाहतो की नाही, ते चालत जाऊन, गावात विचारूनच कळतं.

(दृश्य: टोपोशीट, जवळून)

ही टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा भूभागाचा नकाशा, ४८ आय या क्रमांकाच्या गटातला. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरच्या १ सेंटिमीटरला जमिनीवरचे ५०० मीटर. तपकिरी रेघा उंचीच्या, दर २० मीटरला एक. त्या दाटल्या की समजा कडा. बारमाही पाणी निळं, आटणारं काळं.

म्हादई बघा. निळी. म्हादईच्या पाण्यासाठी निघणाऱ्या मोर्चातल्या कुणी ती रंगवलेली नाही. सरकारी मोजणीदाराने पाणी बघून रंगवली.

(दृश्य: कणकुंबीजवळचा कळसा कालवा)

म्हादईचं पाणी वळवण्यासाठी कर्नाटकचा हा कालवा, आणि त्या पाण्यावरून राज्यांचा वाद. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली.