कलिंगडावरचं पांढरं कापड: १७ जीएसएममध्ये काय पाहायचं?

[दृश्य: गादीवाफ्यांवर पांढऱ्या बोगद्यांच्या रांगा, कडेला माती ओढणारे हात]

कलिंगडाची रोपं लावून झाली की लगेच कमानी रोवायच्या आणि त्यांवर हे कापड ताणायचं. शेतकऱ्यांच्या बोलण्यात हे ‘क्रॉप कव्हर’. हवा आत जाते, पाणी झिरपतं, पण पांढरी माशी, फुलकिडे, मावा बाहेरच अडकतात. रोपांना सुरुवातीलाच जडणारे विषाणूजन्य रोग बहुतेक याच किडी आणतात, म्हणून हा खर्च.

कापड १७ जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १७ ग्रॅम. माग नाही, उभा-आडवा धागा नाही. हे नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड.

[दृश्य: कारखाना. हॉपरमध्ये पडणारा दाणा]

कच्चा माल म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा दाणा. त्यात मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा आणि यूव्ही (अतिनील) किरणांपासून वाचवणारा घट्ट मसाला भरलेला दाणा, मिसळतात. दाणा १६५ अंशांच्या आसपास वितळतो, पण एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, तो २२०-२४० अंशांपर्यंत तापवतात, नाहीतर बारीक छिद्रांतून तो नीट उतरत नाही. ही छिद्रं स्पिनरेट नावाच्या पोलादी पट्टीत असतात. संख्या हजारोंनी, व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

बाहेर पडणाऱ्या तारांवर थंड हवा सोडतात आणि हवेच्याच वेगाने त्यांना खाली ओढतात. ओढताना तार १५ ते २५ मायक्रॉनपर्यंत बारीक होते आणि तिला खरी ताकद इथेच येते. खाली जाळीचा पट्टा धावत असतो, त्याखाली हवा शोषणारी पेटी. तारा पट्ट्यावर वाकड्यातिकड्या पडतात आणि तिथेच चिकटून राहतात. वितळलेला माल पुढे ढकलणाऱ्या पंपाचा वेग तोच ठेवून पट्ट्याचा वेग वाढवला की कापड पातळ, कमी केला की जाड.

या टप्प्यावर हा नुसता तारांचा थर असतो. हाताने उचलला तर विस्कटेल.

[दृश्य: कॅलेंडरचे दोन रोलर, जवळून]

मग येतो कॅलेंडर. दोन तापलेले रोलर, एक गुळगुळीत, दुसऱ्यावर कोरलेले उंचवटे. उंचवट्यांखाली तारा एकमेकींत वितळून जोडल्या जातात, बाकीच्या मोकळ्या राहतात. कापड उजेडात धरा, ठिपके दिसतील. तेवढेच सांधे. तापमान साधारण १४० ते १५० अंश, आणि इथे चार-पाच अंशांचाही फरक पडतो. रोलर थंड राहिला तर अंगठ्याने घासताच कापडावर लव उठते. जास्त तापला तर कापड कागदासारखं कडकडीत होतं आणि ठिपक्याच्या कडेने फाटतं.

दुसरा दोष वरून पडतो. एखादं छिद्र तुंबलं किंवा तार तुटली की वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब थरावर पडतो. कॅलेंडरखाली त्याची कडक गाठ होते, कधी भोक पडतं. अशाच कापडाच्या पिशवीला ते चालून जाईल. पांढरी माशी मात्र जेमतेम एक मिलिमीटरची असते.

[दृश्य: वजनकाट्यावर रोल]

जीएसएम तपासणं सोपं आहे. १.६ मीटर रुंद, ४०० मीटर लांब रोल म्हणजे ६४० चौरस मीटर. १७ ने गुणा: कागदी नळी वगळून वजन १० किलो ८८० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. पण ही झाली सरासरी. रोलचं वजन बरोबर असूनही कापड एका जागी विरळ, दुसरीकडे दाट असू शकतं. म्हणून दोन मीटर उलगडून उन्हासमोर धरा. ढगाळ पट्टे दिसले तर तो रोल घेऊ नका.

यूव्हीचं मात्र डोळ्यांनी कळत नाही. साधं पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठिसूळ होतं, कारण अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात. पिशव्यांसाठीचं कापड आणि शेतीचं कापड शेजारी ठेवलं तर फरक सांगता येणार नाही. बिलावर ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहून घ्या. जीएसएमवर घासाघीस करणारे बरेच जण नेमकं हे विचारायचं विसरतात.

[दृश्य: मास्क, ओले वाइप्स, रस्त्याखालचा जाड थर]

नॉनवोव्हनच्या इतर तऱ्हाही आहेत. मास्कमधला गाळणीचा थर मेल्टब्लोनचा, म्हणजे गरम हवेच्या झोताने तारा ओढून केलेला, तार एक ते पाच मायक्रॉनची. ओल्या वाइप्सचं कापड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तंतू गुंतवून बनतं. रस्त्याखालचं जिओटेक्स्टाइल बहुधा काटेरी सुयांनी ठोकलेलं असतं. आणि बाजारातली नॉनवोव्हन पिशवी? केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ती किमान ६० जीएसएमची हवी.

[दृश्य: वेलीवर पिवळं फूल, कव्हर गुंडाळणारे हात]

लागवडीनंतर साधारण २५-३० दिवसांत मादी फुलं दिसू लागली की कव्हर काढायलाच हवं. मधमाशी आत पोचली नाही तर फळधारणा होणार नाही. काढताना ओढू नका, आधी कडेची माती सारा. कोरडं करून गुंडाळा आणि सावलीत ठेवा. धड राहिलेलं कापड पुढच्या लागवडीला चालतं. फाटके तुकडे मात्र रोटाव्हेटर फिरवायच्या आधी वेचून घ्या. ते कुजत नाहीत, आणि एकदा मातीत चिरडले गेले की हाती लागत नाहीत.