उणे ४० अंशांची हवा

गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावरचा आकडा नीट पाहा: उणे ४० अंश सेल्सियस. बाहेर जुलैची दुपार आहे, न्यू जर्सीतल्या या घरगुती गॅरेजमध्ये पंखा लावूनही घाम थांबत नाही, आणि २०१० सालच्या या टोयोटा प्रियसचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीचा, संगणक मात्र इंजिनात शिरणारी हवा ध्रुवावरची असल्यासारखे सांगतो आहे. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आहे आणि स्कॅनरने पी ०१०२ व पी ०११३ असे बिघाडाचे दोन कोड दाखवले आहेत. पहिला इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा, दुसरा हवेच्या तापमानाचा. हे दोन्ही जोडीने आले की जाणकार मेकॅनिक नवा सेन्सर मागवण्याआधी बॉनेट उघडतो, कारण दोन्ही सेन्सर एकाच काळ्या प्लास्टिकच्या डबीत असतात आणि त्यांच्या तारा एकाच कनेक्टरमधून जातात. इथेही तेच निघाले. आदल्या दिवशी मालकाने एअर फिल्टर बदलला होता आणि कनेक्टर परत लावताना ‘टक’ असा आवाज येण्याची वाट पाहिली नव्हती.

कनेक्टर बसला, तापमान ताळ्यावर आले. पण ज्यासाठी फिल्टर बदलला ती तक्रार उरलीच. अमेरिकी सरकारच्या चाचणीत या मॉडेलचे एव्हरेज गॅलनला ५० मैल, म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर, नोंदले गेले आहे. या गाडीचे ते बरेच घसरले होते, आणि सिग्नलवरून निघताना इंजिन सुरू होण्याच्या क्षणी बारीकसा झटका बसत होता. काढलेला जुना फिल्टर धुऊन, तेल लावून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या प्रकारचा होता. ते तेल जरा जास्त झाले, की हवेबरोबर पुढे सरकते आणि थेट सेन्सरवर जाऊन बसते.

सेन्सरच्या तोंडाशी टॉर्च धरली तर आत प्लॅटिनमची अत्यंत बारीक तार दिसते. वीज देऊन ही तार भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि ती पुन्हा तापवायला जितका विद्युतप्रवाह लागतो, त्यावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली हे कळते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तेव्हा हवेचा हिशेब चुकला की पेट्रोलचाही चुकतो. तारेवर तेल आणि धूळ यांचे पांघरूण चढले, की ती हवी तितकी थंड होत नाही आणि संगणकाला खऱ्यापेक्षा कमी हवा कळवते. पेट्रोल कमी सोडले जाते, एक्झॉस्टमधला सेन्सर उरलेला ऑक्सिजन पकडतो, आणि संगणक पेट्रोल वाढवून चूक सावरत राहतो. या सावरण्यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात.

साध्या गाडीत ही चूक चालकाला लवकर जाणवते, कारण इंजिन अडखळले की गाडीच अडखळते. हायब्रिडमध्ये विजेची मोटर इंजिनाची कमतरता भरून काढते, त्यामुळे दुखणे बराच काळ झाकलेले राहते. शिवाय इंजिन मनाप्रमाणे बंद पडते आणि सुरू होते, त्यामुळे इंजिनाच्या स्थिर फेऱ्यांवर आकडे पाहायचे तर गाडीला आधी मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे इंजिन सतत चालू राहील अशा अवस्थेत, घालावे लागते: ब्रेकवर पाय न ठेवता पॉवरचे बटण दोनदा दाबायचे, मग पार्कमध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्कमध्ये दोनदा, आणि शेवटी ब्रेक दाबून गाडी सुरू करायची, हे सारे ६० सेकंदांच्या आत. संथ फेऱ्यांवर ट्रिम जास्त आणि फेऱ्या वाढवल्यावर कमी होत असेल, तर सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी न मोजलेली हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. फेऱ्यांबरोबर ट्रिमही वाढत असेल, तर बोट सेन्सरकडे जाते. या गाडीत ट्रिम वाढतच गेला. झटक्यापुरते सांगायचे तर या पिढीच्या प्रियसमध्ये काजळीने तुंबलेला ईजीआर कूलरही (एक्झॉस्टचा काही वायू थंड करून इंजिनात परत पाठवणारा भाग) तसाच त्रास देतो. सेन्सरवर सगळे खापर फोडण्याआधी तेही तपासलेले बरे.

आता स्वच्छता. गाडी बंद करून चावी घरात ठेवावी, कारण रेडी, म्हणजे चालायला तयार, अवस्थेत असलेल्या हायब्रिडचे इंजिन हात आत असतानाही आपोआप सुरू होऊ शकते. नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च विद्युतदाबाच्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. सेन्सरचे वायरिंग कमी विद्युतदाबाचे आणि वेगळे आहे. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवावा, दोन स्क्रू काढावेत आणि सेन्सर सरळ ओढून घ्यावा. फवारा एअर फ्लो सेन्सरसाठीच बनवलेला असावा. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनर इथे चालत नाही. तारेला कापसाचा बोळासुद्धा लावू नये. थोड्या अंतरावरून फवारे मारून सेन्सर पूर्ण वाळू द्यावा. घाई झालेले लोक इथे फुंकर मारतात किंवा कॉम्प्रेसरची हवा सोडतात, आणि तार तिथेच तुटू शकते.

या सेन्सरवर फवाऱ्याने थोडाच फरक पडला. ट्रिम कमी झाला, पण जागेवर आला नाही, म्हणून नवा सेन्सर बसवला. हुबेहूब दिसणारे स्वस्त सेन्सर भरपूर मिळतात. त्यांचे मोजमाप मूळ भागाशी जुळत नसेल, तर जुने दुखणे नव्या आकड्यांनी परत येते. तेव्हा मूळ भागाचाच क्रमांक पाहून घ्यावा. जुन्या सेन्सरची रबरी रिंग फिल्टरच्या डब्यात अडकून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. हवेच्या दिशेचा बाण इंजिनाकडे करून सेन्सर बसवावा आणि प्लास्टिकमधले आटे जातील इतके स्क्रू आवळू नयेत.

मग कनेक्टर: या वेळी ‘टक’ ऐकू आला. कोड पुसले, इंजिन बंद असताना हवेचा आकडा जवळजवळ शून्यावर आला आणि तापमान ३६ अंश दिसले. दीर्घकालीन ट्रिम, म्हणजे संगणकाने लक्षात ठेवलेली दुरुस्ती, मात्र गाडी एकदाच चालवून नीट शिकला जात नाही. त्यामुळे मालकाने आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवायची आणि पुढच्या शनिवारी याच जागी स्कॅनर पुन्हा जोडायचा, असे ठरले आहे.