शेपटीतली नारिंगी पेटी

(दृश्य: होटगी रस्ता, सकाळ. धावपट्टीवर उतरणारं विमान.)

९ जून २०२५. सोलापूरहून गोव्याला विमान सुटलं, तेव्हा या गावाची किती वर्षांची वाट संपली हे वेगळं सांगायला नको. धावपट्टीच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. त्यावरून गावात दोन तट पडले. रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, कोर्टात, सगळीकडे तोच विषय होता. तोही विमानसुरक्षेच्याच एका नियमाचा प्रश्न होता. पण चिमणी सगळ्यांना दिसत होती. आज ज्या नियमाबद्दल बोलायचंय, तो विमानात बसणाऱ्या प्रवाशालाही दिसत नाही.

(दृश्य: विमानाची शेपटी, वरच्या बाजूला छोटी अँटेना.)

विमानाच्या मागच्या भागात एक छोटी नारिंगी पेटी घट्ट बसवलेली असते. तंत्रज्ञ तिला ईएलटी म्हणतात, म्हणजे इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर. ब्लॅक बॉक्स वेगळा. विमान का पडलं हे ब्लॅक बॉक्समधून कळतं. विमान कुठं पडलं हे ही पेटी ओरडून सांगते. आत एक स्विच असतो. जोराचा आघात झाला की तो आपोआप चालू होतो आणि पेटी बोलू लागते. दर ५० सेकंदांनी, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा एक संदेश, ४०६ मेगाहर्ट्झवर. त्यात देशाचा क्रमांक असतो, भारताचा ४१९. पेटीची स्वतःची ओळख असते. जीपीएस जोडलेलं असेल तर ठिकाणही असतं. सोबत १२१.५ मेगाहर्ट्झवर सलग एक आवाज चालू राहतो, म्हणजे जवळ आलेल्या बचाव हेलिकॉप्टरला त्याचा माग काढता यावा. उणे २० अंशांच्या थंडीतही बॅटरीनं २४ तास तग धरायला हवा.

हा संदेश उपग्रह टिपतात. तिथून तो बंगळुरू आणि लखनौच्या भूकेंद्रांवर, मग बंगळुरूतच इस्रोच्या नियंत्रण केंद्रात, आणि तिथून विमानतळ प्राधिकरणाच्या बचाव समन्वय केंद्रात पोचतो. सोलापूरच्या आकाशासाठी ते केंद्र मुंबईचं. ही सगळी व्यवस्था १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभी करायचं ठरवलं. शीतयुद्ध चालू असताना! एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांना, हरवलेला माणूस शोधायच्या कामात मात्र एकत्र यावंसं वाटलं. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातली माणसं या उपग्रहांमुळे वाचली, तीच पहिली सुटका.

(दृश्य: गड्ड्याची यात्रा, गर्दी, ध्वनिक्षेपक.)

आधीच्या पेट्या फक्त १२१.५ वरच बोलायच्या. त्या आवाजाला नाव-गाव नव्हतं. गड्ड्याच्या यात्रेत हरवलेलं पोर नुसतंच रडत असेल, तर माइकवरून पुकारणार काय? त्याच्या खिशात नाव, गाव आणि बापाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असेल, तर पाच मिनिटांत काम होतं. ४०६ ची पेटी म्हणजे खिशात चिठ्ठी असलेलं पोर. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी जुन्या १२१.५ च्या हाका ऐकणं थांबवलं. त्यातल्या बहुतेक खोट्याच निघायच्या, आणि खऱ्या त्यात बुडून जायच्या.

पण चिठ्ठी कुणीतरी लिहावी लागते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. प्रत्येक पेटीची नोंदणी करावी लागते; आपल्याकडे ती इस्रोच्या त्या बंगळुरूच्या केंद्राकडे होते. विमान कुणाचं, फोन कुणाला करायचा, रात्री-अपरात्री कोण उचलेल. संकेत आला की समन्वय केंद्रातला माणूस पहिल्यांदा तोच नंबर फिरवतो. "साहेब, तुमचं विमान कुठं आहे?" विमान हँगरमध्ये उभं असेल, कुणाच्या तरी हातून स्विच दाबला गेला असेल, तर एका फोनवर विषय मिटतो. ते उडालेलं असेल, तर शोध लगेच सुरू होतो. विमान विकलं, मालक बदलला, कंपनीचा नंबर बदलला आणि नोंद तशीच जुनी राहिली, तर वाया जाणारा वेळ जखमी माणसाच्या वाट्याचा असतो. हा कारकुनी नियम नाही. तो पाळण्यातली हयगय मला अक्षम्य वाटते.

(दृश्य: हँगर. तंत्रज्ञ पेटीवरची तारीख वाचतो आहे.)

बॅटरीचंही तसंच. अमेरिकेच्या नियमात दर १२ महिन्यांनी पेटीची तपासणी सक्तीची आहे. बसवणी पक्की आहे का, बॅटरीला गंज चढलाय का, आघाताचा स्विच चालतो का, अँटेनातून संकेत बाहेर पडतो का. पेटी एकूण एक तासापेक्षा जास्त चालली असेल, किंवा बॅटरीचं निम्मं आयुष्य सरलं असेल, तर बॅटरी बदलायची, आणि पुढची तारीख पेटीवर बाहेरून वाचता येईल अशी लिहायची. चाचणीलाही शिस्त आहे. १२१.५ चा आवाज तपासायचा तर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच, तोही क्षणभर. ४०६ साठी पेटीतलीच स्वयंचाचणी वापरायची; खरा संकेत हवेत सोडायचा नाही.

(दृश्य: दाट जंगलावरून उडणारं हेलिकॉप्टर.)

२ सप्टेंबर २००९ ला आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झालं. राज्याचा मुख्यमंत्री, आणि अवशेष सापडायला दुसरा दिवस उजाडला. आपल्या जिल्ह्यात निवडणुकीत, आषाढीला नेत्यांची हेलिकॉप्टरं उतरतात. आपलं माळरान मोकळं, इथं काही पडलं तर कुणी ना कुणी पाहीलच, असं वाटतं. उजनी धरणाचं पाणी मात्र तसं मोकळं नाही. पाण्याखालून ही पेटी बोलू शकत नाही, तिच्या लहरी वर येतच नाहीत. अँटेना तुटली किंवा आग लागली तरी तेच. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर हरवलं, २९ जणांसह. समुद्रात ३,४०० मीटर खोल त्याचे अवशेष दिसले ते थेट जानेवारी २०२४ मध्ये.

मग विमान पडण्याआधीच त्यानं बोलावं, हा विचार पुढं आला. ८ मार्च २०१४ ला मलेशियाचं एमएच-३७० हरवलं आणि या विचाराला जोर चढला. आता आंतरराष्ट्रीय नियम असा: २७,००० किलोपेक्षा जड आणि १ जानेवारी २०२४ नंतर पहिलं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळालेलं प्रवासी विमान संकटात सापडलं, तर त्यानं मिनिटाला किमान एकदा, वैमानिकानं काही न करता, आपलं ठिकाण कळवायचं.

(दृश्य: विमानतळ, प्रवासी एटीआरच्या शिडीकडे जाताना.)

सोलापूर-गोवा मार्गावरचं एटीआर ७२ हे सुमारे २३ टनांचं. म्हणजे हा नवा नियम त्याला लागू होत नाही. त्याला लागू होतो तो आधीचा: १९ पेक्षा जास्त प्रवासी, आणि प्रमाणपत्र १ जुलै २००८ नंतरचं, म्हणून दोन पेट्या, त्यातली किमान एक आपोआप चालू होणारी. लहान शहरांना जोडणाऱ्या विमानांपैकी बरीचशी याच वजनगटातली आहेत. ही मर्यादा खाली यायला हवी असं मला वाटतं. ती येईपर्यंत सोलापूरच्या प्रवाशाची भिस्त त्या नारिंगी पेटीवर, तिच्यावर लिहिलेल्या तारखेवर आणि बंगळुरूत नोंदवलेल्या फोन नंबरावर आहे.