सायकल आणि बार्जची सहल: कोपऱ्यावर उभं राहायचं म्हणजे उभं राहायचं!

नमस्कार मंडळी! नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम ते बेल्जियममधलं ब्रुज, दिवसा सायकल आणि रात्री बोटीवर मुक्काम. या सहलीबद्दल इतके प्रश्न साठलेत की आज बसलेच बोलायला.

साध्या गोष्टी पटकन उरकते. बोट म्हणजे कालव्यातून माल नेणारी बार्ज असते, आता आत केबिन केलेल्या. रोज साधारण ४० ते ५० किलोमीटर सायकल. सामान बोटीतच राहतं. सकाळी तुम्ही सायकलवर निघता, बोट पाण्यानं पुढे जाते आणि संध्याकाळी पुढच्या गावाच्या धक्क्यावर भेटते. केबिन लहान असतात, म्हणून टणक सूटकेस नको, घडी होणारी बॅग घ्या. झालं. एवढं तर माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं.

जे तिथे धड लिहिलेलं नसतं ते सांगते. गाईड असलेल्या सहलीत बरेचदा एक पद्धत असते, कोपऱ्याची. गाईड सगळ्यात पुढे. सगळ्यात मागे आपल्यातलाच एक जण, पिवळं जॅकेट घालून. मधे वीसेक माणसं. वळण आलं की गाईडच्या लगेच मागे असलेल्यानं तिथे बाजूला थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानं वळण दाखवायचं. कुठवर? पिवळं जॅकेट दिसेपर्यंत. ते दिसलं की त्याच्या पुढे राहून निघायचं. तोवर पुढच्या वळणावर दुसऱ्या कुणाची पाळी लागलेली असते.

सोपं आहे ना? तरी लोक निघून जातात! "बराच वेळ कुणी आलं नाही, म्हटलं सगळे गेले." अहो काका, सगळे गेले हे तुम्ही ठरवायचंच नाही. माणसं मोजायची नाहीत, अंदाज बांधायचा नाही. जॅकेट दिसलं का? नाही? मग उभे राहा.

आमच्या गटात एक गृहस्थ होते. किंडरडाइक या पवनचक्क्यांच्या गावाच्या अलीकडे भुरभुर पाऊस सुरू झाला आणि हे कोपरा सोडून निघाले. मागचे चार जण सरळ बांधावरून कुठल्या कुठे. गाईड त्यांना शोधायला गेली आणि बाकीचे आम्ही पावसात ब्रेड खात उभे. समोर त्या १९ पवनचक्क्या, युनेस्कोच्या यादीतल्या, पण फोटो काढायची कुणाला इच्छा नव्हती.

आता मधल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याला नियम असा सांगितलेला असतो: चौकात कुणी उभं नसेल तर सरळ जा. म्हणजे रिकामा कोपरा हीसुद्धा सूचनाच झाली. तुम्ही तिथून हललात की मागच्यांना परस्पर "सरळ जा" असं सांगून गेलात. ते चुकले नाहीत हो, त्यांनी तर नियम पाळला!

आणि पिवळ्या जॅकेटवाल्याकडूनही बघा. कुणी फोटोला थांबलं की त्यालाही थांबावं लागतं, कारण तो कुणालाच मागे टाकू शकत नाही. तुम्ही बदकांचे वीस फोटो काढता, तेव्हा पुढच्या कोपऱ्यावर कुणीतरी वाऱ्यात कुडकुडत असतं. फोटो काढा, पण थोडक्यात. आणि सायकलमार्गावरून खाली उतरून. तो रस्ता आहे, त्यावरून डच माणसं कामाला चाललेली असतात. कोपऱ्यावरही मार्ग अडवून उभं राहू नका, घंटी वाजवून वाजवून तुम्हाला हलवतील.

एकानं कमेंटमध्ये लिहिलंय, "मोबाईलवर नकाशा असताना माणूस कशाला उभा करायचा?" दादा, नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. दंड होतो. आणि फोनचा नकाशा तुम्हाला जवळच्या वाटेनं नेईल, गाईड बांधावरून नेईल. बांधावरून जायचं म्हणून तर पैसे भरलेत ना?

वाट चुकलातच तर सायकलमार्गांच्या चौकांवरच्या आकड्यांच्या पाट्या बघा. नेदरलँड्समध्ये पांढऱ्यावर हिरवा आकडा, बेल्जियममध्ये निळ्यावर पांढरा. एका आकड्यापासून पुढच्या आकड्याकडे जायचं. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात सुरू झाली, कल्पना ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याची. मला फार आवडते. फक्त तेच आकडे दुसऱ्या भागात परत येतात, तेव्हा "मी ३४ वर आहे" एवढंच फोनवर सांगू नका, गावाचं नावही सांगा.

"चढ नाहीत, मग दमायला काय होतं?" वारा! तिथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि ॲमस्टरडॅमहून ब्रुज नैऋत्येलाच. म्हणजे वारा तोंडावर घेत जायचं. काही सहली उलट दिशेनंही होतात, ब्रुजहून ॲमस्टरडॅमला. जमलं तर ती घ्या. वारा पाठीशी असेलच अशी हमी नाही, पण शक्यता तुमच्या बाजूनं.

बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात स्खेल्डे नदीखालून बोगदा आहे, १९३३ चा, ५७२ मीटर लांब, फक्त पादचारी आणि सायकलींसाठी. लाकडी सरकते जिने आहेत, पण सायकल घेऊन लिफ्टनं उतरा. आणि याच नदीला पार गेंट शहरापर्यंत भरती-ओहोटी असते. त्यामुळे कॅप्टननं निघायची वेळ बदलली तर त्याच्यावर डाफरू नका.

शाकाहारींनो, बुकिंग करतानाच कळवा, आचारी करून देतो. दुपारचा डबा बहुतेक बोटींवर नाश्त्याच्या टेबलावरून आपणच भरायचा असतो: ब्रेड, चीज, फळं. चीजचं कडक पाळणाऱ्यांनी मात्र विचारून घ्या. पारंपरिक गौडामध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो. ब्रेडवर लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे, हे तिथे मोठी माणसंही नाश्त्याला खातात. मी तर रोज खाल्ले.

ई-बाईक बोटीवर मोजक्याच असतात, लवकर सांगा. साध्या सायकलींपैकी काहींना पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. पहिल्या दिवशी धक्क्यावरच दोन चकरा मारून बघा, चौकात प्रयोग नको.

शेवटचा प्रश्न व्हिसाचा. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, व्हिसा एकच. मुक्काम जिथे जास्त, त्या देशाकडे अर्ज. बोट कुठल्या रात्री कुठे बांधलेली असेल ते सहलीच्या वेळापत्रकात असतं, त्यावरून मोजा, आणि सहलीच्या आधी-नंतरचे हॉटेलचे दिवसही त्यात धरा. दोन्हीकडे सारखेच दिवस भरले तर आधी ज्या देशात उतरणार, त्याच्याकडे.