सीटची छोटी चीर पावसाआधी बुजवा

मंडळी, बाईकची सीट फाटली की आपण बघतो ती किती वाईट दिसतेय ते. दिसण्याचं नंतर बघू हो, आधी पाण्याचं बघा. रेक्झिन म्हणजे खाली कापड आणि वर पीव्हीसीचा थर, तो मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, गाडी रोज उन्हात उभी राहिली की ते हळूहळू निघून जातं, रेक्झिन कडक होतं आणि मग कडेला, जिथे मांडी घासते तिथे चिरतं. जूनमध्ये त्याच बोटभर चिरेतून फोम पाणी पितो, वरून कितीही पुसा, बसलं की पँट ओली, आणि खालचा बेस पत्र्याचा असेल तर तो गंजतो ते वेगळंच.

वरून कव्हर चढवलं तरी शिवणीतून पाणी आत जातंच, उलट सुकायला वाव राहत नाही. सेलोटेप तर लावूच नका, उन्हात त्याचा गोंद पाघळतो आणि नंतर तोच आधी खरवडत बसावं लागतं.

सीट काढून घ्या, फोम ओला असेल तर जुन्या टॉवेलने दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. चिरेच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातल्या अॅसिटोनने रेक्झिनच खराब होतं.

आता ठिगळ, आणि ते आतून लावायचं, माझा सगळा जोर यावर आहे. वरून लावलेल्या ठिगळाची कड बसता-उठता घासून उचकटते. जीन्सचा किंवा कॅनव्हासचा तुकडा घ्या, चिरेपेक्षा चारही बाजूंनी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोठा, कोपरे गोल कापा म्हणजे आत सरकवताना दुमडत नाहीत. चिमट्याने चिरेतून आत घाला, फोमवर सपाट पसरवा. चीर टोकांकडून वाढते, म्हणून तुकडा दोन्ही टोकांच्या पुढे गेलाच पाहिजे. मग काडीने कडांच्या खालून गोंद लावा, कडा जुळवा, ताणू नका, वर बटर पेपर आणि त्यावर वजन, रात्रभर तसंच राहू दे.

गोंद सुकल्यावर लवचिक राहणारा हवा, व्हिनाइलसाठीचा, म्हणजे पीव्हीसीच्या अशा रेक्झिनसाठीचा मिळतो तोच घ्या. फेविक्विक काचेसारखं कडक होतं, सीट दबली की तडकतं आणि बाजूला नवी चीर पडते.

शिवण उसवली असेल तर मात्र गोंदाचं काम नाही, तिथे दोराच हवा. आणि बोटाने दाबल्यावर रेक्झिन जागोजागी तडकत असेल तर ठिगळात वेळ घालवू नका, सरळ सीटवाल्याकडून नवीन चढवून घ्या, फक्त त्याला फोमवर एक पातळ प्लास्टिक टाकायला आवर्जून सांगा.