पीठ पाडणारं लाकूड

[दृश्य : पत्र्याचं शेड. कामाच्या टेबलाखाली शहाबादी फरशीवर पांढरट पिठाचे लहान लहान ढीग.]

टेबलाखाली पडलंय तो करवतीचा भुसा नाही. भुसा बोटांना खरखरीत लागतो. हे पीठ चिमटीत चोळलं तर मैद्यासारखं मऊ लागतं. ते पडलंय वर टेकवून ठेवलेल्या कुदळीच्या दांड्यातून. दांडा बाभळीचा, गेल्या उन्हाळ्यात तासलेला. अंगावर एक ते दीड मिलिमीटरची गोल भोकं. टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला की एकेका भोकातून पीठ गळतं.

हे काम लिक्टस जातीच्या भुंगेऱ्याचं. तपकिरी, लांबट, जेमतेम पाच मिलिमीटरचा. तो रात्री हिंडतो, म्हणून सहसा नजरेला पडत नाही. आपल्याला भोक दिसतं तोवर अळीचा भुंगेरा होऊन तो बाहेर निघालेला असतो. त्या भोकात रॉकेल सोडलं तर गेलेला किडा मरत नाही आणि शेजारच्या बिळातल्या अळीपर्यंत रॉकेल पोचत नाही. तरी गावोगाव हाच उपाय चालतो.

[दृश्य : दांडा आडवा कापलेला. कापलेलं तोंड अगदी जवळून.]

कापलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात. मध्ये तांबूस गाभा, भोवती पिवळट पांढऱ्या लाकडाचं कडं. बिळं सगळी पांढऱ्यात आहेत. गाभ्याच्या कडेशी येऊन ती वळतात, आत शिरत नाहीत.

झाड जिवंत असताना आपला स्टार्च या पांढऱ्या लाकडात साठवतं, आणि अळी जगते त्या स्टार्चवर. लाकडाचा धागा तिला पचत नाही, तो ती दळून मागे टाकते. तेच हे पीठ. मादी अंडी घालते लाकडाच्या उघड्या छिद्रांत, त्यामुळे मोठ्या छिद्रांची लाकडं आधी लागतात. बाभूळ, आंबा, आणि बांधावर सरसकट वाढलेली सुबाभूळ. सागाचाही पांढरा भाग यातून सुटत नाही. ‘साग आहे, किडायचा नाही’ हे किनवटच्या सागालाही गाभ्यापुरतंच लागू.

[दृश्य : तीन तुकडे ओळीत. ड्रॉपरने एकेक थेंब.]

लाकूड किडणार की नाही, हे भोकं पडायच्या आधी कळतं. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन घ्यायचं, त्यात तिप्पट पाणी घालायचं. लाकडावर रंध्याचा एक ताजा हात मारायचा, कारण जुन्या मळकट पृष्ठभागावर रंग नीट उठत नाही. मग थेंब टाकून चार-पाच मिनिटं थांबायचं.

पहिला तुकडा सुबाभळीचा, नुकताच तोडलेला. थेंब पडला तिथे लाकूड निळं-काळं झालं. स्टार्च ठासून भरलाय. दुसरा बाभळीचा. पांढऱ्या भागावर निळा डाग, गाभ्यावर मात्र आयोडीनचा आपला पिवळट रंग तसाच. तिसराही त्याच बाभळीचा, पण दोन महिने पाण्यात मुरवलेला. इथे पांढऱ्यावर फिकट राखाडी सावली आली, बस.

[दृश्य : विहिरीशेजारचा हौद. ओंडके बुडलेले, वर दगड ठेवलेले.]

मुरवण्याची ही रीत जुनी. औतांची लाकडं पूर्वी ओढ्याच्या डोहात टाकून ठेवत. पाण्यात लाकूड आंबतं आणि आतला स्टार्च जिवाणू संपवतात. साल आधी सोलायची, कारण सालीखाली राहणारे किडे वेगळेच असतात आणि ते ओंडक्याबरोबर शेडमध्ये येतात. ओंडका पूर्ण बुडाला पाहिजे. वर राहिलेल्या बाजूचा स्टार्च तसाच राहतो आणि नेमकी तीच बाजू पुढे पीठ पाडते. दीड-दोन महिने लागतात. पाणी काळं पडतं, घाण वास सुटतो, म्हणून जनावरं पितात त्या हौदात हे करू नये.

मराठवाड्यात अडचण पाण्याचीच. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. त्यामुळे तोड आणि मुरवण दिवाळी ते संक्रांत या काळात उरकायची. दांड्यांपुरतं काम असेल तर हौदाचीही गरज नाही.

[दृश्य : भिंतीला टेकवून उभा केलेला पाइप. आत दांडे सोडले जातात.]

सहा इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटांचा तुकडा. पाइपलाइनचे असे तुकडे शेतात पडलेलेच असतात. खाली एंडकॅप, सोल्युशन लावून घट्ट बसवलेली. पाइप काठोकाठ भरला तर साधारण सत्तावीस लिटर मावतात, दांडे आत असले की त्याहून कमी. पाच-सहा दांडे उभे राहतात. पाइप भिंतीला तारेनं बांधायचा, नाहीतर भरलेला पाइप कलंडतो.

याच पाइपात बोरॅक्सचं पाणीही देता येतं. पंचवीस लिटर पाण्याला साडेसातशे ग्रॅम बोरॅक्स आणि पाचशे ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे पाच टक्क्यांचं द्रावण. दोन्ही थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून घ्यायची. थंड पाण्यात टाकली तर बोरॅक्स तळाशी बसतं आणि वरच्या टोकाला औषध मिळतच नाही. लाकूड ओलं असतानाच घालायचं, कारण बोरॅक्स लाकडातल्या ओलाव्याच्या वाटेनं आत सरकतं. वाळलेलं लाकूड वरवर भिजतं, मध्ये कोरंच राहतं. आठवडा-दहा दिवसांनी काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणखी पंधरवडा सावलीत. हातात मोजे हवेत. पोळपाट, काठवट, पाळणा यांना बोरॅक्स नाही.

बांबूला वेगळे भुंगेरे लागतात, पण हेच द्रावण चालतं. फक्त शिडीचा अख्खा बांबू असेल तर आतल्या गाठींचे पडदे लांब सळईनं आधी फोडायचे. बाहेरची चकचकीत साल पाणी आत घेत नाही.

बोरॅक्सचा दोष एकच, पण मोठा. पावसात आणि ओल्या मातीत ते धुऊन जातं. म्हणून वखराची दिंडी, जानकुडं यांना त्याचा उपयोग नाही. तिथे मुरवलेला गाभाच पाहिजे.

[दृश्य : सावलीत रचलेल्या फळ्या, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या. फळ्यांची टोकं डांबरानं काळी.]

वाळवताना घाई केली की लाकूड फाटतं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात फळीची टोकं मधल्या भागाच्या कितीतरी आधी सुकतात आणि चीर आत धावते. तोडल्याच्या दिवशीच टोकांना डांबर किंवा उरलेला ऑइलपेंट लावायचा. थर जमिनीपासून वीतभर वर, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. पट्टी इकडे-तिकडे सरकली की फळी तिथेच वाकते. इंचभर फळीला दोन-तीन महिने.

वाळल्यावर जवसाचं तेल. तेलानं किडा मरत नाही, छिद्रं बुजतात आणि मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. तोंडाकडच्या कापलेल्या भागाला दोन हात जास्त. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, तीही भुशाच्या शेडमध्ये. दोरीवर बाहेर पसरून वाळवायची. ट्रॅक्टरचं काळं ऑइल फासणारे पुष्कळ आहेत. दिवसभर हातात धरायच्या वस्तूला ते लावूच नये, कातडीला वाईट.

किडका दांडा कुदळीला ठेवला तर तो ऐन घावाला मोडतो. लोखंडी पाइपचा दांडा बाजारात मिळतो, टिकतोही, पण त्याचा दणका मनगटात उतरतो. बांधावरची बाभूळ सोडून तो का घ्यायचा?

[दृश्य : उतरवलेल्या माळवदाच्या तुळया, अंगणात रचलेल्या.]

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती जड माळवदांसकट, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छपरांसकट, कोसळल्या. माळवद उतरवून स्लॅब टाकणं मराठवाड्यात अजून चालू आहे आणि त्यातली तुळई, खांब, किलचा विकायला निघतात. लाकूड जुनं, पूर्ण वाळलेलं, आणि आज मिळणार नाही अशा जाडीचं. पण घेताना भिंतीत गाडलेलं टोक आधी बघा. ओल तिथेच होती, म्हणजे वाळवीही तिथेच. हातोडीनं ठोकत टोकाकडून मध्याकडे यायचं. आवाज भद्द येतो तिथवर कापून टाकायचं, खणखणीत लागला की थांबायचं. रंध्याआधी चुंबक फिरवायचा, जुने घडीव खिळे पात्याचा तुकडा पाडतात.

तुळईच्या पांढऱ्या भागात भुंगेरा असेल तर आधी फळ्या पाडायच्या. आख्खी तुळई उन्हानं आतपर्यंत तापत नाही.

[दृश्य : गच्चीवर काळा रंगवलेला पत्रा, त्यावर फळ्या, वर पारदर्शक प्लास्टिक. थर्मामीटरचा आकडा जवळून.]

फळ्या एका थरात, प्लास्टिकच्या कडा चारी बाजूंनी विटांनी दाबलेल्या. सगळ्यात जाड फळीच्या कडेतून मधोमध चार मिलिमीटरचं भोक पाडून थर्मामीटरची सळई आत घातली आहे. पत्रा किती तापला याला अर्थ नाही, लाकडाचा मध्य तापला पाहिजे. आत ५६ अंश आले की तिथून अर्धा तास. निर्यातीच्या लाकडी पॅकिंगलाही हाच नियम आहे. वाळूजच्या कंपन्यांतून भंगारात येणाऱ्या पॅलेटवर ओंबीच्या शिक्क्याशेजारी ‘एचटी’ असतं ते याचंच. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते लाकूड घरात नको. गच्चीवर अर्ध्या तासाऐवजी तासभर ठेवलेलं बरं, मे महिन्यात ऊन फुकट आहे. ढग आले, वारा सुटला की आकडा ५० च्या आसपास अडतो, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तापवलेल्या लाकडाला पुढे भुंगेरा लागणारच नाही असं नाही. तेल लावायचंच.

[दृश्य : भिंतीवरून चढणारी मातीची नळी. पटाशीच्या टोकानं फोडली जाते, आत पांढऱ्या वाळव्या.]

वाळवी पीठ पाडत नाही. ती जमिनीतून येते, मातीच्या नळीतून चढते आणि लाकूड आतून खाऊन वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, फरशीचे सांधे उकलतात, तिथून वाट मिळते. नळी चार बोटं फोडून ठेवायची. काही दिवसांत पुन्हा जोडली तर वसाहत चालू आहे. टेबलाचे पाय फरशीवर थेट ठेवायचे नाहीत, खाली दगडी ठोकळा. लाकडाची थप्पी भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मागची नळी दिसते. एवढ्यानं भागलं नाही तर भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं आणि प्रत्येकात लिटरभर औषध. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिली. बोअर किंवा विहीर लागून असेल तर हे करू नये.

[दृश्य : ड्रिलचा चक. जबड्यात माती.]

आणि ही कुंभारमाशी. तिला लाकूड नको, भोक हवं. ड्रिलचा चक, हवेच्या नळीचं तोंड, स्क्रूसाठी पाडून ठेवलेलं छिद्र. मातीचं घर फोडलं की आत कोळी निघतात, डंखानं लुळे पडलेले पण जिवंत, तिच्या अळीची शिदोरी. माशीला मारायची गरज नाही, ती सहसा चावत नाही आणि कोळी कमी करते. नळीच्या तोंडाला बूच, चकमध्ये दांडीचा तुकडा आवळून ठेवला की झालं. चकमधली माती पाणी मारून काढू नका, गंज धरतो. सुकी टोकरून ब्रश मारायचा.

पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये मुंग्या शिरतात तेव्हा मात्र नुकसान मोठं. संपर्काच्या फटीत चिरडल्या की संपर्क नीट मिळत नाही, स्टार्टर घरघरतो आणि पॉइंट जळतात. मेन स्विच बंद करून, कोरड्या ब्रशनं साफ करून, केबल आत जाते त्या भोकाला रबरी ग्लँड बसवायची. स्टार्टरमध्ये पावडर टाकायची नाही, तिनंही संपर्क अडतो.